चोवीस पानं स्वाहिलीत नेताना

माझ्या वडिलांच्या उजव्या पायाची 2 बोटं 2016 साली काढावी लागली. नव्या चपलेने घासलं, फोड आला, फोडाची जखम झाली. मधुमेहाने पायाची संवेदनाच गेलेली, त्यामुळे पंधरा दिवस त्यांना काही कळलं नाही. इस्पितळातून घरी सोडताना हातात एक गुळगुळीत कागदाची इंग्रजी पुस्तिका दिली होती. आमच्या सांगलीच्या घरात ती फ्रिजवर धूळ खात पडली. बाबांना इंग्रजी येत नाही. ज्यांना येत होतं त्या आम्ही दोघी बहिणींनीही ती कधी उघडून त्यांना वाचून दाखवली नाही. ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून 2023 च्या जानेवारीत जेव्हा इथे, टांझानियातल्या दार-एस-सलाममध्ये, मधुमेह्यांच्या पायांच्या काळजीची 24 पानी इंग्रजी पुस्तिका माझ्यासमोर आली, तेव्हा मला नाही म्हणवलं नाही. ज्या धर्मादाय दवाखान्यात मी आठवड्यातून 2 दिवस आहाराचा सल्ला द्यायला जाते, तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "ही आपल्या लोकांसाठी स्वाहिलीत करून दे." तोवर मला या देशात 5 वर्षं झाली होती, बाजारहाट आणि पेशंटशी बोलणं स्वाहिलीत चालायचं. दीड महिन्यात उरकेल असं वाटलं. पुस्तिका लोकांच्या हातात पडली ती 14 नोव्हेंबरला, जागतिक मधुमेहदिनी. मधल्या 10 महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवते. कुणी अशाच कामाला हात घातला असेल, मग भाषा कुठलीही असो, तर निदान माझा गेलेला एक महिना तरी त्यांचा वाचेल.

पहिला महिना कसा गेला ते आधी सांगते. मी फोनवरच्या भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये एकेक परिच्छेद घातला आणि जे आलं ते शब्दकोश घेऊन दुरुस्त करत बसले. शब्दकोश दार-एस-सलाम विद्यापीठाच्या स्वाहिली संशोधन संस्थेचा, 1996 सालचा, इंग्रजी-स्वाहिली; 35,000 शिलिंगला मिळाला. एका रुपयाला तेव्हा साधारण 30 शिलिंग पडत होते. शब्दकोश उत्तम आहे, आजही माझ्या टेबलावर आहे. पण कुठला शब्द शोधायचा हेच चुकलं तर शब्दकोश तरी काय करणार? 'नेल्स सरळ कापा' या वाक्यात अ‍ॅपने 'मिसुमारी' घातलं होतं. त्याचं एकवचन म्सुमारी, म्हणजे भिंतीत ठोकायचा खिळा. बोटाच्या नखाला 'उकुचा' म्हणतात, अनेकवचन 'कुचा'. ही चूक मला लगेच दिसली. पण 'कॉर्न्स स्वतः ब्लेडने कापू नका' याचं 'माहिंदी कापू नका' झालेलं माझ्या नजरेतून सुटलं. माहिंदी म्हणजे मका. पायाच्या कुरुपाबद्दलचं इतकं महत्त्वाचं वाक्य, आणि आपण मक्याच्या कापणीबद्दल लिहून ठेवलंय हे मला कळलंसुद्धा नाही, कारण तोपर्यंत मी वाक्य वाचत नव्हते, शब्द मोजत होते.

4 फेब्रुवारीला, शनिवारी, मी माझा कच्चा खर्डा घेऊन एका निवृत्त शिक्षकांकडे गेले. वय सत्तरीच्या पुढे, ओळख एका पेशंटमार्फत झालेली. इथे शिक्षकांना 'म्वालिमू' म्हणतात, आणि आदराने हाक मारायलाही तोच शब्द. मीही त्यांना म्वालिमूच म्हणते. ते मला 'दादा' म्हणतात! स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, आणि काका म्हणजे भाऊ. इथे आल्यावर पहिल्यांदा भाजीवाल्याने "दादा, कारिबू" म्हटलं तेव्हा मी मागे वळून कुणी पुरुष उभा आहे का ते पाहिलं होतं.

दारात गेल्यावर मी "शिकामो" म्हटलं, ते "माराहाबा" म्हणाले. थोरांना करायचा हा नमस्कार. त्याचा मूळ अर्थ 'तुमचे पाय धरते' असा सांगतात. आपल्या 'पाया पडते'चा सख्खा भाऊच. त्यांनी सगळी पानं शांतपणे वाचली. तासभर लागला. मग चष्मा काढून म्हणाले, "उमेजिताहिदी, दादा." मेहनत घेतलीस. इथे कुणी तोंडावर 'वाईट आहे' म्हणत नाही, हे मला माहीत होतं. 'मेहनत घेतलीस' याचा अर्थ मला कळला आणि घरी येताना डालाडालात, म्हणजे इथल्या छोट्या बसमध्ये, खिडकीशी बसून डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी खर्डा बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "या पानावर तुला काय सांगायचंय ते पुस्तिकेकडे न बघता सांग." मी सांगायला लागले तर अडखळले. त्यांनी विचारलं, "तुझ्या आईच्या भाषेत कसं सांगशील?" तिथून काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

आता इंग्रजी पुस्तिकेचं पहिलंच वाक्य घ्या: 'फूट' तपासा. इंग्रजीत फूट वेगळं आणि लेग वेगळा. मी शब्दकोशातून 'उन्यायो', 'न्यायो' असे शब्द काढले होते, म्हणजे तळपाय, पाऊल. स्वाहिलीत मांडीपासून बोटापर्यंत सगळा 'म्गू', आणि खांद्यापासून बोटापर्यंत सगळा 'म्कोनो'. म्हणजे आपला पाय आणि आपला हात! 'टो'ला स्वाहिलीत स्वतंत्र शब्दच नाही, 'किडोले चा म्गू' म्हणायचं, म्हणजे शब्दशः पायाचं बोट. अनेकवचन 'विडोले व्या मिगू', पायांची बोटं. मी इतके दिवस इंग्रजीच्या वळणाने जाऊन जिथे ठेच खात होते, तिथे मराठीने सरळ रस्ता होता. मधुमेहाला 'किसुकारी' म्हणतात, त्यातला 'सुकारी' म्हणजे साखर. साखर चढली म्हणायला 'सुकारी इमेपांडा', उतरली म्हणायला 'इमेशुका', आणि यातलं 'पांडा' म्हणजे जिना किंवा झाड चढणंच. बीपीला 'प्रेशा' म्हणतात, तेही चढतं आणि उतरतं. इंग्रजी पुस्तिकेत साखर 'धावत' होती.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. इंग्रजी परिच्छेद वाचायचा, बंद करायचा, आणि बाबांना फोनवर सांगते आहे असं समजून मराठीत वहीत लिहायचा. मग त्या वहीवरून म्वालिमूंना स्वाहिलीत तोंडी सांगायचं. ते "आम्ही असं म्हणतो" म्हणून जे बोलतील ते टिपून घ्यायचं. एका बैठकीत जेमतेम 2 पानं व्हायची. आधी ते पैसे घेईनात. मग चौथ्या बैठकीपासून दवाखान्याच्या वतीने बैठकीला 15,000 शिलिंग ठरले, आणि आधीच्या तीनही त्यात धरल्या. अशा एकूण 15 बैठका झाल्या. ओळखीच्या माणसाकडून असं काम करून घेणार असाल तर मोबदल्याचं पहिल्या आठवड्यातच बोला, मला ते फार उशिरा सुचलं.

एक जागा मात्र मराठीनेही सुटली नाही. इंग्रजीत पायाला 'पिन्स अँड नीडल्स' जाणवतात असं होतं. टाचण्या आणि सुया. हे तसंच उचललं असतं तर अनर्थ झाला असता, कारण इथे 'सिंदानो' म्हणजे सुई आणि सिंदानो म्हणजे इंजेक्शनही. पेशंटला वाटलं असतं की पायात इंजेक्शन घ्यायचंय. मी त्या रात्री बाबांना फोन केला. "बाबा, बोटं जायच्या आधी तुम्हाला पायात नेमकं काय व्हायचं?" ते जरा थांबले. "मुंग्या यायच्या गं. रात्री तळव्यांची आग. मग एक दिवस मुंग्या यायच्या थांबल्या, मला वाटलं बरं झालं." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलं नव्हतं. मुंग्या थांबल्या म्हणून बरं वाटलं, आणि तिथेच खरा धोका सुरू झाला होता.

शनिवारी मी म्वालिमूंना मुंग्यांचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुंग्या लिहिल्या तर लोक खऱ्याच मुंग्या समजतील, त्यात आजार साखरेचा! त्यांच्याकडे दोन शब्द निघाले. एक 'कुचोमाचोमा', टोचटोचणं. दुसरा 'गान्झी', बधिरपणा, आणि तो 'मरण्या'सोबत येतो: पाय 'गान्झीने मेला' म्हणतात. बाबांच्या सांगण्यावरून आम्ही एक वाक्य नवीन घातलं, जे मूळ पुस्तिकेत नव्हतंच: टोचटोच आपोआप थांबली तर बरं झालं असं समजू नका, दवाखान्यात या. मोठ्या सिस्टरांनी आणि डॉक्टरांनी ते वाक्य मंजूर केलं. सगळ्या पुस्तिकेत मला ते सर्वांत मोलाचं वाटतं.

मार्चमध्ये आहाराची पानं घेतली. इथे मला वाटत होतं आपल्याच विषयाचं आहे, भरभर होईल. 'अर्धा कप राईस.' म्वालिमूंनी विचारलं, "म्पुंगा, म्चेले की वाली?" शेतातलं भात म्हणजे म्पुंगा, तांदूळ म्हणजे म्चेले, आणि ताटातला भात वाली. इंग्रजीला या तिन्हींसाठी एकच शब्द पुरतो. अर्धा कप तांदळाचा शिजून दीड कपाच्या आसपास भात होतो. मधुमेह्यासाठी हा फरक लहान नाही. मी 5 वर्षं पेशंटना तोंडी सल्ला देताना 'वाली' म्हणत आले होते म्हणून बरं. डाळींचं मात्र खरंच भरभर झालं: मूग म्हणजे चोरोको, चवळी म्हणजे कुंदे, तूर म्हणजे म्बाझी. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या तुरीतली काही याच देशातून येते.

'स्नॅक्स टाळा'चं 'विताफुन्वा टाळा' केलं तर लोक काय समजतील, यावर एक अख्खा तास गेला. विताफुन्वा म्हणजे चघळायच्या, चावायच्या गोष्टी, पण प्रत्यक्षात सकाळच्या चहासोबत खायचं ते सगळं: मांदाझी, चपाती, वितुंबुआ. आणि 'चहा पिणं' म्हणजे इथे पुष्कळदा न्याहारीच. म्हणजे वाक्याचा अर्थ झाला असता 'न्याहारी करू नका', आणि हे इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला सांगणं किती धोक्याचं! शेवटी स्नॅक्स हा शब्दच काढला. काय खायचं नाही त्या पदार्थांची नावं लिहिली.

मार्चअखेर रमजान सुरू झाला आणि अगदी त्याच आठवड्यात आम्ही 'फास्टिंग शुगर'पाशी पोचलो. फास्टिंगला शब्दकोशात 'कुफुंगा' आहे. किनारपट्टीवरच्या मुसलमान पेशंटसाठी कुफुंगा म्हणजे रोजा. 'रोजा असताना साखर तपासा' असा अर्थ होऊन उरलेले 11 महिने कुणी तपासलीच नसती. आपल्याकडे प्रयोगशाळेच्या पाटीवर 'उपाशीपोटी' लिहितात ना, 'उपवास' नाही लिहीत, तोच मार्ग इथेही घेतला: 'सकाळी, काही खाण्याआधी'.

वेळेचा घोटाळा सगळ्यात गंभीर होता आणि तो अ‍ॅपच्या खर्ड्यात 4 ठिकाणी होता. इथे घड्याळाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी 7 म्हणजे 'साआ मोजा', पहिला तास; 8 म्हणजे 'साआ म्बिली', दुसरा. घड्याळ सगळ्यांचं आपल्यासारखंच लावलेलं असतं, काटा 8 वर असतो, पण म्हणायचं 2. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, त्यामुळे ही मोजणी बारा महिने चालते. आपल्या पंचांगातल्या घटकाही सूर्योदयापासूनच मोजतात, हे मी म्वालिमूंना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. खर्ड्यात '8 वाजता गोळी'चं 'साआ 8' झालं होतं. साआ 8 म्हणजे दुपारचे किंवा रात्रीचे 2. औषधाच्या वेळा स्वाहिलीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे: नुसता आकडा लिहू नका. आम्ही उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र अशी चित्रं काढून घेतली. चित्रकाराचे 100,000 शिलिंग झाले, ते सार्थकी लागले.

एप्रिल-मे हे इथल्या मोठ्या पावसाचे महिने. रस्ते तुंबले, 3 शनिवार वाया गेले. घरी बसून मी सूर सुधारला. इंग्रजी पुस्तिकेत प्रत्येक ओळीत 'प्लीज' होतं आणि मी प्रत्येक ठिकाणी 'ताफाधाली' लिहिलं होतं. ताफाधाली चूक नाही, पण आपल्या 'कृपया'सारखं आहे, पाटीवर शोभतं. दुकानात कुणी 'कृपया मीठ द्या' म्हणतं का? इथली माणसं 'नाओंबा' म्हणतात, मागते, विनवते. सूचनेत तर तेही नको; क्रियापदाचं रूप थोडं बदललं की आज्ञेचा सल्ला होतो, आपल्या 'बघ' आणि 'बघावं' मध्ये जसा फरक पडतो तसा. तेवढ्याने सगळ्या पानांचा कोरडेपणा गेला. 'लूकवॉर्म' पाण्याला 'उवुगुवुगू' असा गोड शब्द मिळाला, कोमट.

आणि मग म्हण. शेवटच्या पानावर इंग्रजी म्हण होती, वेळेवर घातलेला एक टाका पुढचे नऊ वाचवतो, अशी. टाका म्हटलं की जखमेचा टाका आठवणार, म्हणून मला ती नकोच होती. म्वालिमूंनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं: "उसिपोझिबा उफा, उताजेंगा उकुता." भेग बुजवली नाहीस तर भिंत बांधावी लागेल. टाचेच्या भेगेपासून सुरू होणाऱ्या आजारावरच्या पुस्तिकेला याहून योग्य म्हण सापडली नसती.

त्याच सुमारास आमचा एकदाच मतभेद झाला. मी सगळीकडे 'वागोंज्वा वा किसुकारी', मधुमेहाचे रोगी, असं लिहिलं होतं. म्वालिमू म्हणाले, 'वातू वेन्ये किसुकारी' लिही, मधुमेह असलेली माणसं. मला वाटलं उगाच लांबण. तेव्हा त्यांनी न्येरेरेंचं उदाहरण दिलं. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे, ज्यांना सगळा देश 'म्वालिमू' म्हणतो, त्यांनी शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चं स्वाहिली भाषांतर केलं, ते 1969 मध्ये छापलं गेलं. त्याचं नाव त्यांनी 'माबेपारी वा वेनिसी' ठेवलं. बेपारी हा आपल्याकडचाच शब्द, व्यापारी. पण स्वाहिलीत त्याचा अर्थ भांडवलदार झालाय. "एका शब्दाने त्यांनी आपली बाजू सांगितली," म्वालिमू म्हणाले, "तूही सांग तुझी." मी बाबांचा विचार केला. बाबा शेतकरी आहेत, सासरे आहेत, पत्ते खेळणारे आहेत. मी सगळी पानं बदलली.

जूनमध्ये 3 मंगळवार आम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात 12 जणांवर पुस्तिका तपासून पाहिली. छायाप्रतींचा खर्च किरकोळ, पण हा टप्पा कुणीही गाळू नये. 'कळलं का?' असं विचारायचं नाही, कारण सगळे 'न्दियो', हो, म्हणतात. पान वाचून दाखवायचं, मिटायचं, आणि म्हणायचं, "घरी गेल्यावर तुमच्या मुलीला हे कसं सांगाल?" एका आजोबांनी बोटांमध्ये पाणी राहू देऊ नये हे बरोबर सांगितलं आणि हाताची बोटं पुसून दाखवली. मी काही ठिकाणी वाक्य लांबतंय म्हणून नुसतं 'विडोले' ठेवलं होतं. बोट ते बोटच, हाताचं की पायाचं हे सांगायलाच हवं होतं. 11 जागी 'विडोले व्या मिगू' पूर्ण लिहिलं. एका बाईंनी पायाची जखम म्हटल्यावर नडगी दाखवली. तिथे चित्रात बाण घातला. आणि कुरुपासाठी आम्ही घातलेला 'सुगू' हा शब्द सगळ्यांना कळला, एकीने तर लगेच चप्पल काढून स्वतःचा सुगू दाखवला. त्यावर ब्लेडची ताजी खूण होती.

मग कागदपत्रं. पुस्तिका दवाखान्याबाहेर वाटायची तर एका सरकारी कार्यालयाचं पत्र लागेल असं कळलं. 3 जुलैला मी इंग्रजीत अर्ज नेला, तो परत दिला. इथे सरकारी कामकाज स्वाहिलीत चालतं. पत्राचा नमुना म्वालिमूंनी घालून दिला. वर 'कुंब. ना.', म्हणजे आपला जावक क्रमांक; मग 'याह:', म्हणजे विषय. पत्रात मी 'फुर्सा' हा शब्द फुरसत समजून घातला होता, स्वाहिलीत त्याचा अर्थ संधी. ओळखीचे वाटणारे शब्द इथे पावलोपावली भेटतात, हेसाबू, साबाबू, तारेहे, वाकिली, कालामू, आणि बहुतेक सरळ असतात, पण एखादा असा फसवतो. सरकारी कागदात तरी प्रत्येक शब्द पाहून घ्यावा.

दुसरा अर्ज 10 जुलैला दिला. त्यानंतर 'न्जो केशो', उद्या या, असं 4 वेळा ऐकलं. पाचव्यांदा कळलं की फाइल सापडत नाही. सुदैवाने म्वालिमूंनी बजावलं होतं: अर्जाची 'नाकाला' घे आणि तिच्यावर 'मुहुरी' मारून घे. नक्कल आणि मोहोर! ती शिक्क्याची नक्कल दाखवल्यावर नवी फाइल उघडली आणि 28 ऑगस्टला पत्र हातात आलं. एकूण 7 आठवडे. ज्या बाईंनी शेवटी शोधाशोध केली त्या मला प्रत्येक वेळी "पोले, दादा" म्हणायच्या. या 'पोले'ला इंग्रजीत 'सॉरी' म्हणतात, पण ती माफी नव्हे. तुझा त्रास मला दिसतोय, एवढंच त्यात असतं. ठेच लागलेल्याला, आजाऱ्याला, दमून आलेल्याला, सगळ्यांना पोले. मराठीत याला एक शब्द शोधून मी थकले आणि आता सोडून दिलंय. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आम्ही तो एकच शब्द मोठ्या अक्षरात घातलाय, कारण ज्याला नुकतंच कळलंय की आपल्याला किसुकारी आहे, त्याला आधी तेच ऐकायचं असतं.

छपाई शहरातल्या कारियाको भागातल्या एका छापखान्यात. मालकाने 500 प्रतींचा आकडा सांगितला, "लाकी साबा." साबा म्हणजे 7, आणि लाकी म्हणजे आपला लाखच, त्यामुळे भाषांतराची गरज पडली नाही. 7 लाख शिलिंग. म्वालिमूंचं मानधन, चित्रं, शब्दकोश, जाणं-येणं सगळं धरून 11 लाखांच्या आत झालं, सुमारे 37 हजार रुपये. त्यातले निम्मे दवाखान्याने दिले, उरलेले आम्ही इथल्या चार-पाच मराठी घरांनी मिळून घातले. छापायला देण्याआधी म्वालिमूंच्या नातीकडून, जिने इंग्रजी पुस्तिका पाहिलीच नव्हती, स्वाहिलीवरून परत इंग्रजी करून घेतलं आणि डॉक्टरांनी ते मूळ पुस्तिकेशी ताडून पाहिलं. यात आणखी 2 चुका सापडल्या. यासाठी आठवडा राखून ठेवा.

14 नोव्हेंबरला व्हरांड्यात सत्तरएक माणसं होती. मी शेवटचं पान वाचत होते. "उसिपोझिबा उफा" म्हटलं आणि श्वास घेतला, तेवढ्यात सगळा व्हरांडा एका सुरात म्हणाला, "उताजेंगा उकुता." मला पुढचं वाचता येईना, सिस्टरांनी वाचलं.

वाटप संपल्यावर एक आजी काठी टेकत आल्या. पुस्तिका उघडून त्यांनी पान 9 वर बोट ठेवलं. तिथे लिहिलंय, तळपाय दिसत नसेल तर आरसा खाली ठेवून बघावा. नात वाचून दाखवत होती. आजी म्हणाल्या, "माझ्या घरी आरसा नाही. आणि असता तरी माझे डोळे गेलेत. ही बघते माझे पाय, रोज रात्री." इंग्रजी पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी आरसा होता, माझ्या घरी आहे, म्वालिमूंच्याही घरी आहे. 12 जणांच्या तपासणीत कुणीच हे बोललं नव्हतं, कदाचित लाजेने.

पुढच्या शनिवारी म्वालिमू, त्यांची नात आणि मी त्यांच्या ओट्यावर बसलो. 'आरसा नसेल तर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगावं', एवढी एक ओळ चिठ्ठ्यांवर छापून आणली होती. गोंदाला इथे 'गुंडी' म्हणतात, आपला डिंकच तो. वाटून उरलेल्या 420 प्रतींच्या नवव्या पानावर आम्ही ती चिठ्ठी एकेक करून चिकटवली. दिवेलागणीपर्यंत पुरलं ते काम. ज्या 80 प्रती आधीच गेल्या होत्या, त्यांच्या चिठ्ठ्या सिस्टरांच्या टेबलावर डब्यात ठेवल्या आहेत. पेशंट पुढच्या तपासणीला आला की पुस्तिका मागून घेतात आणि चिकटवून परत देतात. परवा मोजल्या, 31 उरल्या आहेत.